उपयोग विचारेल त्याची मिसळ

किस्से कुणी जमा करत नाही, ते आपोआप साचतात. लेथ मशीनखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा घोटाभर! आमच्या टूलरूममधले किस्से मी माहेरी येवल्याला सांगितले, नणंदेला सांगितले, एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगितले. बाईंचं जेवण कधीच झालं होतं, तरी त्या उठेनात. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढू.

आधी थोडी ओळख. अंबड एमआयडीसीत आमची छोटी टूलरूम आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग ज्या लोखंडी साच्यात दाबून काढतात, त्या साच्याला डाय म्हणतात. आम्ही डाय बनवतो. मी डिझाइनला, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मालक अण्णा. फिटर देवरे, नामपूरचे, हातात कानस आली की जेवायचं विसरणारे. मिलिंग मशीनवर गावित, सुरगाण्याकडचा. आणि अकाउंट्सला जाधव मॅडम. त्या राहतात देवळाली कॅम्पात. नवरा फौजेत, पण घरातली फौज त्यांच्या ताब्यात. बाकीही माणसं आहेत, पण किस्से घडतात ते याच मंडळींना.

आणि आमच्याकडे एक शुक्रवार आहे. तसा तो सगळ्यांकडेच असतो, पण आमचा वेगळा. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही कस्टमरच्या कामाला हात लावत नाही. जो तो आपापलं काहीतरी करतो, कंपनीच्याच मशीनवर, कंपनीच्याच वेळात. हे ऐकून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघतात. एक तर म्हणाली, "तुमची कंपनी चालते तरी का?" चालते बाई. ऐक.

*

सुरुवात सोंगापासून झाली. एका शुक्रवारी स्टील घेऊन येणारा टेम्पो चांदवडच्या घाटात बंद पडला. मशीनवर लावायला काम नाही. सगळे गप्पा मारत उभे. तेवढ्यात अण्णा केबिनबाहेर आले आणि एका क्षणात सगळ्यांना कामं सुचली. कुणी झाडू घेतला, कुणी स्पॅनर मोजू लागला. मी कॉम्प्युटरवर एक जुनं ड्रॉइंग उघडून कपाळाला आठ्या घातल्या. देवरे तर कालच तयार झालेली, गुंडाळून ठेवलेली डाय उघडून फडक्यानं पुसायला लागले.

अण्णा त्यांच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "देवरे, अंघोळ झाली तिची. आता काय हळद लावताय?"

 अण्णा केबिनमध्ये गेले, पुन्हा बाहेर आले. "मला बघून सोंग करता ना, त्याचा मला त्रास होतो. रिकामा वेळ असेल तर उघड रिकामा असू दे. त्यात स्वतःचं काहीतरी करा."

पुढच्या आठवड्यापासून ते पक्कंच झालं. बुधवारी संध्याकाळी मी आणि अण्णा फळ्यावर आठवड्याची कामं मांडतो, कुठल्या मशीनवर काय आणि कधी. त्यात शुक्रवार दुपारच्या चौकोनात आधी फुली मारायची आणि मग उरलेल्या चौकोनांत कामं बसवायची. फुली आधी, कामं नंतर. उलट केलं की फुलीला जागाच उरत नाही, हे आम्ही पहिल्या महिन्यातच शिकलो.

नियम सोपे होते. माल स्क्रॅपच्या पिंपातला घ्यायचा. हत्यारं जागच्या जागी ठेवायची. आणि पाच वाजता चहाला प्रत्येकानं आपण काय केलं ते दाखवायचं. पूर्ण असो, अर्धं असो, नाही तर वाया गेलेलं असो.

*

पहिले काही शुक्रवार मात्र गोंधळाचे गेले. वेळ मिळाला, पण त्याचं करायचं काय हे कुणाला कळेना. सर्वात मोठी पंचाईत देवऱ्यांची. त्यांच्या टेबलावर एक लोखंडाचा ठोकळा मांडलेला असायचा आणि ते त्याच्यावर वाकून कानस चालवत असायचे. चहाला विचारलं की, "चाललंय अजून." ठोकळा मात्र जसाच्या तसा.

एकदा अण्णा मागून गेले. बघतात तर ठोकळ्याआड कस्टमरच्या डायचा पंच, म्हणजे पत्रा दाबणारा तिचा वरचा भाग! देवरे शुक्रवारी दुपारी चोरून कंपनीचं काम करत होते.

बाकीच्या कंपन्यांत लोक घरचं काम लपवतात आणि कंपनीचं पुढे ठेवतात. आमच्याकडे उलटं. अण्णांनी तो पंच जप्त केला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"सोमवारी मिळेल," म्हणाले.

देवरे जाधव मॅडमजवळ जाऊन कुरकुरले, "तीस वर्षांत पहिल्यांदा पकडला गेलो हो. आणि तेही काम करताना."

*

मिसळीचा नियम नंतर आला. गावितनं ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा भोवरा केला होता. चहाच्या वेळी त्यानं तो फरशीवर सोडला. असा फिरला की उभा आहे की फिरतोय कळेना. आम्ही सगळे वाकून बघत होतो. जाधव मॅडमनी अगदी सहज विचारलं, "सुंदर आहे रे. पण याचा उपयोग काय?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. अकाउंट्सच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण गावितनं भोवरा उचलला, खिशात घातला आणि पुढच्या शुक्रवारी तो नुसता मशीन पुसत बसला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. अण्णांनी विचारलं तर म्हणाला, "काय नाय अण्णा. असंच."

अण्णांना ते लागलं. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, "आजपासून शुक्रवारी कुणीही कुणालाही 'उपयोग काय' हे विचारायचं नाही. विचारेल तो अख्ख्या टूलरूमला मिसळ देईल. पापड, दही, जादा पाव, सगळं. मालक असो की कस्टमर."

जाधव मॅडमनी मान डोलावली. अण्णा म्हणाले, "मॅडम, नियम मागच्या तारखेपासून लागू आहे."

मॅडमनी मिसळ आणली. स्वतः वाढली. गावितच्या ताटलीत दोनदा. मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "तर्री हवी का, एवढं तरी विचारू ना? की त्यालाही दंड आहे?"

त्या दिवशी भोवरा पुन्हा खिशातून बाहेर आला.

*

मग गावित असा सुटला की विचारू नका. त्यांच्या गावाकडे पावरी वाजवतात, वाळलेल्या भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. गावितनं स्क्रॅपमधल्या पाइपांची पावरी करायला घेतली. भोक कुठे पाडायचं याचं त्यानं माझ्याकडून ड्रॉइंगसुद्धा काढून घेतलं. मी आयुष्यात अनेक ड्रॉइंगं काढली, पण खाली "सूर: गावितच्या कानाप्रमाणे" असं एकाच ड्रॉइंगवर लिहिलं.

तयार झाली त्या शुक्रवारी त्यानं ती शेडमध्ये उभं राहून फुंकली. वर पत्रा, चहूबाजूंनी पत्रा. आवाज असा घुमला की माझ्या टेबलावरच्या पेन्सिली हलल्या.

थोड्या वेळानं शेजारच्या कंपनीचा सुपरवायझर धावत आला. त्यांच्याकडे चहाच्या सुट्टीला भोंगा होतो. पावरी ऐकून त्यांची सगळी शिफ्ट हात धुऊन कॅन्टीनला जाऊन बसली होती!

"बंद करा हो," तो गावितला म्हणाला. "परत कामावर कसं आणू त्यांना?"

गावितनं शांतपणे विचारलं, "परत वाजवू का?"

*

जाधव मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला मशीनं आहेत. मी काय कॅलक्युलेटरचं शिल्प करू?" मग त्यांनीच ठरवलं, वेल्डिंग शिकायचं. साडीवर जाड ॲप्रन, तोंडावर काळी काच, आणि बाजूला देवरे सूचना देताहेत. पहिल्या दिवशी वेल्डिंगची कांडी चिकटली, दुसऱ्या शुक्रवारी ॲप्रनला भोक पडलं, पण बाई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक स्टूल झालं. त्याला चार पाय होते, पण जमिनीला टेकायचे तीन. चौथा आळीपाळीनं.

त्यांचे मिस्टर सुट्टीवर आले होते, ते मुद्दाम स्टूल बघायला आले. ताठ उभे राहून त्यांनी स्टुलाची चारी बाजूंनी पाहणी केली. बसले. स्टूल डुगडुगलं. उठले. पुन्हा बसले.

"कसं आहे?" मॅडमनी विचारलं.

"तीन जण ड्यूटीवर आहेत," ते म्हणाले. "चौथा रजेवर."

ते स्टूल आम्ही टाकलं नाही. ऑफिसात भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलं. कटिंग टूल विकायला येणारे, विमा विकायला येणारे, सगळे त्याच्यावर बसतात. पूर्वी तासतास बसायचे, आता पाण्याचा ग्लास संपायच्या आत उठतात. मॅडम म्हणतात, उपयोगाचं मी बोलणार नाही, पण काय ते तुम्हीच समजा.

*

माझा किस्सा सांगते, म्हणजे फक्त दुसऱ्यांचंच हसू केलं असं व्हायला नको. मी येवल्याची. आमच्याकडे संक्रांतीला पतंग म्हणजे घराघरातलं युद्ध. मांजा ज्या फिरकीवर गुंडाळतात तिला आम्ही आसारी म्हणतो. लाकडाची असते, करकरते, अडते. मी ठरवलं, वडिलांसाठी बेअरिंगवर फिरणारी आसारी करायची. तीन महिन्यांचे शुक्रवार घातले. बोटानं टिचकी मारली की चहा पिऊन होईस्तोवर फिरत राहायची. चहाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी दोनदा टिचकी मारून बघितली.

संक्रांतीला वडील गच्चीवर. वारा जोरात. पतंग वर गेला आणि आसारी सुटली. थांबेचना! अडकण्याची सवय असलेला हात, न अडकणारी आसारी. मांजा संपला, शेवटची गाठ सुटली आणि पतंग दोरासकट निघून गेला.

वडील हातात रिकामी आसारी घेऊन आकाशाकडे बघत होते. मी जवळ गेले. म्हणाले, "पोरी, पतंग गेला, मांजा गेला. पण तुझी आसारी बघ, अजून फिरतेय."

कौतुक होतं की काय होतं कोण जाणे. मी कौतुक म्हणून घेतलं.

*

अण्णा शुक्रवारी काय करतात, हा प्रश्न सगळ्यांना होता. मशीनवरचा त्यांचा हात सुटून कितीतरी वर्षं झालेली. तर अण्णा चहा करायला शिकत होते. आयुष्यात त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. पाच वाजताचा चहा अण्णांचा.

कधी त्यात गवती चहा इतका की गवत चघळल्यासारखं वाटावं. कधी आलं विसरलेलं, कधी साखर दोनदा पडलेली. एकदा त्यांनी वेलदोडे म्हणून काय घातलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण मालकाचा चहा, त्यात त्याचं शुक्रवारचं काम. बोलणार कोण?

त्या वेलदोड्याच्या दिवशी देवऱ्यांनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. खिशातून पाकीट काढलं, गावितच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जा, सगळ्यांना मिसळ घेऊन ये."

मग अण्णांकडे वळून, अगदी आदरानं: "अण्णा, या चहाचा उपयोग काय?"

*

एकदा गुरुवारी मिलिंग मशीनचा स्पिंडल गेला. कस्टमरची डाय शनिवारी द्यायची होती. कुणी काही सांगायच्या आत गावितच म्हणाला, "अण्णा, शुक्रवार घ्या." सगळ्यांनी माना हलवल्या. शुक्रवारी दुपारी आम्ही खपलो, डाय वेळेवर गेली.

पण अण्णांना चैन पडेना. घेतलेला शुक्रवार परत केलाच पाहिजे, असं त्यांनी घेतलं डोक्यात. सोमवारी सकाळी फळ्यावर लिहिलं, "आज दुपारी शुक्रवार." आणि खरंच, जेवणानंतर सगळ्यांनी आपापली कामं काढली, पाच वाजता अण्णांचा चहा झाला, सगळं यथासांग.

बुधवारी गावित आलाच नाही. फोन केला तर मागे कोंबड्यांचा आवाज. स्वारी गावाला!

"अरे, आज कामावर का नाहीस?"

"आज रविवार नाय का?" गावित म्हणाला. "परवाच तर शुक्रवार झाला."

*

आता देवऱ्यांचा कांदा.

त्या पंच-जप्तीनंतर देवऱ्यांनी खरंच स्वतःचं काम काढलं. काय ते सांगेनात. आधी एक लिंबाएवढा लोखंडी गोळा झाला. मग त्याच्यावर बसणारी पोकळ वाटी, दोन भागांची. मग तिच्यावर दुसरी. वर्ष उलटून गेलं तरी चालूच. चहाच्या वेळी ते फक्त एक पापुद्रा टेबलावर ठेवायचे आणि गप्प बसायचे. एके दिवशी सगळे पापुद्रे एकात एक बसवून त्यांनी तो ठेवला आणि आम्हाला दिसलं. कांदा! नामपूरच्या बाजारातला असावा तसा, वर छोटी शेंडी, खाली मुळांचा बुडखा. सांधा कुठेही दिसत नव्हता. मी नख फिरवलं, नख कुठेही अडकलं नाही. एका जागी धरून हलकेच फिरवलं की वरचा पापुद्रा सुटायचा, आत दुसरा कांदा. त्याच्या आत तिसरा. परत बसवताना आतली हवा हळूच बाहेर पडायची आणि पापुद्रा सावकाश खाली बसायचा, झोपलेल्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असते, सगळ्यांच्या घरचे येतात. देवरे वहिनींनी कांदा हातात घेतला, वजन बघितलं आणि नवऱ्याकडे बघून अहिराणीत म्हणाल्या, "घरमा पोतंभर कांदा पडेल शेतस, आनि तुम्ही आठे लोखंडना कांदा करतस?"

अण्णा म्हणाले, "वहिनी, थोडक्यात वाचलात. पुढचा शब्द बोलू नका, मिसळ लागेल."

देवरे नुसते हसत होते. तो माणूस मी इतक्या वर्षांत इतका खूश कधी पाहिला नव्हता.

*

आणि मग आपटे साहेब.

झालं असं की आमचा जुना मोठा कस्टमर नवीन गाड्यांकडे वळला आणि आम्ही ज्या भागांच्या डाय करायचो ते भागच बंद झाले. फळ्यावरचे चौकोन रिकामे दिसायला लागले. शुक्रवारचेच नाही, सगळेच. अण्णा बोलायचे नाहीत, पण चहात साखर दर शुक्रवारी कमी पडत होती. अशात पुण्याच्या एका कंपनीचं मोठं काम येण्याची शक्यता निर्माण झाली. ते मिळालं तर सगळी मशीनं भरणार. नाही मिळालं तर निम्मी मशीनं आणि त्यांच्यावरची माणसं कुठे जाणार, हे उघड होतं. काम द्यायचं की नाही हे आपटे साहेब ठरवणार होते.

त्यांना कुठून तरी आमच्या शुक्रवारबद्दल कळलं होतं. फोनवर त्यांनी अण्णांना सरळ सांगितलं, "माझं काम घ्यायचं तर आठवडा पूर्ण पाहिजे. अर्धा दिवस खेळण्यात घालवणाऱ्यांना मी काम देत नाही. मी शुक्रवारी दुपारीच बघायला येतो."

बुधवारी अण्णा फळ्यापाशी आले. शुक्रवारच्या चौकोनातली फुली त्यांनी हातानं पुसली. डस्टर शेजारी होता, तो घेतला नाही. तिथे लिहिलं, "आपटे." मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "या शुक्रवारी मशीनवर कामं लावून ठेवा. पुढचं पुढे बघू."

  नोकरी तर हवीच होती. पण ही दुपार गेली तर आमची टूलरूम बाकीच्या शंभर टूलरूमसारखीच होणार, हेही कळत होतं. गावितनं पावरी फडक्यात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवली.

शुक्रवारी जेवण झालं. साहेबांची गाडी यायची होती. सगळे आपापल्या मशीनपाशी उभे. पण खरं सांगायचं तर कामच नव्हतं पुरेसं. मग काय, कुणी झाडू घेतला. कुणी स्पॅनर मोजू लागला. मी जुनं ड्रॉइंग उघडलं. आणि देवरे एक तयार झालेली, गुंडाळलेली डाय उघडून फडक्यानं पुसायला लागले.

अण्णा केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. गेटवर गाडीचा हॉर्न वाजला.

"देवरे," अण्णा म्हणाले, "ठेवा ते फडकं. कांदा काढा."

देवऱ्यांना समजेना. "अण्णा, साहेब आले."

"येऊ देत. आज शुक्रवार आहे."

गावितनं लॉकर उघडला. जाधव मॅडमनी ॲप्रन चढवला. आपटे साहेब आत आले तेव्हा कोपऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, गावित पावरीचं भोक घासत होता आणि अण्णा गॅसवर आधण ठेवत होते. कस्टमरचं एकही काम मशीनवर नव्हतं.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अण्णा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "पण आमची माणसं काम कसं करतात ते बघायचं होतं ना तुम्हाला? मग आजच बघा."

साहेब शेडमध्ये फिरू लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पाठीमागे. देवऱ्यांच्या टेबलापाशी थांबले. कांदा उचलला. फिरवून बघितला. नख फिरवलं.

"सांधा कुठे आहे?"

देवऱ्यांनी त्यांच्या हातातच कांदा हलकेच फिरवला. पापुद्रा सुटला. साहेबांनी आतला स्वतः फिरवला. मग त्याच्या आतला. इकडे तिकडे न बघता त्यांनी मागे हात केला, हाताला त्यांच्यासाठी ऑफिसातून आणून ठेवलेलं जाधव मॅडमचं स्टूल लागलं, त्यावर बसले. स्टूल डुगडुगलं. साहेब उठले नाहीत. त्या स्टुलावरून न उठलेला पहिला माणूस! एकेक पापुद्रा काढून त्यांनी टेबलावर मांडला, मग एकेक परत बसवला. शेवटचा बसवताना हात काढून घेतला आणि तो सावकाश, सुस्कारा टाकत खाली बसला. ते बघत राहिले. पुन्हा उघडला. पुन्हा बसवला.

मग मान वर करून, अगदी मनापासून म्हणाले, "देवरे, हे तुम्ही हातानं केलंय? पण याचा उपयोग काय?"

शेडमध्ये सगळं थांबलं. वेल्डिंग थांबलं. गावितनं माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. साऱ्या मशीनांचं भवितव्य त्या डुगडुगत्या स्टुलावर बसलेलं होतं.

अण्णांनी गॅस बंद केला.

"साहेब," ते म्हणाले, "मिसळ तुमच्याकडे लागली."

साहेबांना अर्थातच काही कळलं नाही. जाधव मॅडमनी काळी काच वर करून नियम समजावून सांगितला. पापड, दही, जादा पाव, सगळं. मालक असो की कस्टमर. साहेब हसले नाहीत. त्यांनी कांदा जागच्या जागी ठेवला, अण्णांचा चहा घेतला, तोही पूर्ण संपवला, आणि कामाबद्दल एक अक्षर न बोलता निघून गेले.

पुढचा आठवडा कसा गेला ते आम्हालाच माहीत. फोन नाही, मेल नाही. बुधवारी अण्णांनी फळ्यावर शुक्रवारच्या चौकोनात फुली मारली. नेहमीपेक्षा मोठी मारली. कुणी कुणाला दोष दिला नाही, हे मला आजही अभिमानानं सांगावंसं वाटतं. देवरे एकदाच म्हणाले, "अण्णा, मना कांदामुळे..." अण्णांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी गेटवर गाडी थांबली. ड्रायव्हरनं डिकीतून रश्श्याचे दोन मोठे डबे काढले. मग पाव. मग पापड. मग दही. आणि मागच्या दारातून स्वतः आपटे साहेब उतरले, काखेत पिशवी.

मिसळ झाली. साहेबांनी आमच्याबरोबर उभ्यानं खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली. कुणालाच विषय काढायचा धीर होईना. शेवटी हात धुता धुता अण्णांना राहवलं नाही. "साहेब, ते आपल्या कामाचं..."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अण्णा, जेवणाची सुट्टी संपली. शुक्रवारी दुपारी कस्टमरच्या कामाला हात लावायचा नाही ना तुमच्याकडे? सोमवारी बोलू."

मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळेचा एक जाड तुकडा काढला आणि देवऱ्यांना जरा लाजतच विचारलं, "ते कोपऱ्यातलं लेथ मशीन मोकळं आहे का?"

देवऱ्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि साहेबांना परत दिला.

"मशीन मोकळंच शे, साहेब. पण बाहेरचा माल आठे चालत नही. पिंपात बघा."

आणि आपटे साहेबांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि ते स्क्रॅपच्या पिंपात वाकले.